डिफरन्शियलचा आवाज आणि लॉकरचा मोह

जुनी फोर-बाय-फोर घेणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो. गाडी साठच्या वर गेली की मागून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागतो. ओळखीचा मेकॅनिक खाली डोकावून सांगतो, ‘‘डिफरन्शियल गेलाय साहेब, उघडावा लागेल.’’ मग ऑफ-रोडिंगचा नाद असलेला मित्र भर घालतो, ‘‘उघडतोच आहेस तर साधा कशाला बसवतोस? लॉकर टाक, मोठे टायर घाल, रेशोही बदलून घे.’’ एका आवाजापासून सुरू झालेला खर्च बघता बघता गाडीच्या निम्म्या किमतीवर जाऊन पोचतो.

मेकॅनिक आणि मित्र दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. मेकॅनिक काय बिघडलं ते सांगतो, मित्र काय मिळवता येईल ते सांगतो. मधला प्रश्न कुणीच विचारत नाही: बिघडलं का? मूळ भाग कामाला कमी पडल्यामुळे मोडला असेल, तरच जास्त ताकदीचा भाग विकत घेण्यात अर्थ आहे. तेल किंवा सील याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे तो गेला असेल, तर महागडा लॉकरही त्याच दुर्लक्षाने जाईल. हा निर्णय कसा घ्यायचा, ते पायरीपायरीने पाहू.

१. डिफरन्शियल काय काम करतो?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं, तर पूर्ण गोल फिरताना बाहेरचं चाक सुमारे ८.८ मीटर जास्त धावतं, वर्तुळ लहान असो वा मोठं. यू-टर्नला हा फरक ४.४ मीटर होतो. दोन्ही चाकं एकाच सळईला घट्ट जोडलेली असती, तर प्रत्येक वळणाला एखादं चाक रस्त्यावर घासटलं असतं. हा तिढा सोडवणारी यंत्रणा ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी बनवली. आजच्या गाडीतही तेच तत्त्व आहे.

इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट एका लहान दातेरी चाकाला फिरवतो, ते पिनियन. पिनियन एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊनला बोल्ट केलेल्या पिंजऱ्यात छोटे स्पायडर गिअर असतात, आणि त्यांतून दोन्ही ॲक्सल शाफ्टना ताकद मिळते. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११ असतील, तर ४१ भागिले ११, म्हणजे ३.७३ हा रेशो. प्रोपेलर शाफ्ट ३.७३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. वेग कमी होतो, जोर तेवढ्याच पटीने वाढतो.

साध्या डिफरन्शियलची खोड कळायला बैलगाडीचं जू डोळ्यांपुढे आणावं. जू मधोमध एकाच ठिकाणी सैलसर बांधलेलं आहे, अशी कल्पना करा. एका बैलाने अंग काढलं, की त्याची बाजू मागे जाते आणि दुसरा बैल कितीही दांडगा असला तरी त्याचा जोर गाडीला मिळत नाही. दोन्ही टोकांना जोर सारखाच लागणार आणि तो दुबळ्या टोकाच्या मापाने ठरणार. डिफरन्शियलही दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतो.

आकड्यांत सांगायचं तर, डावं चाक चिखलात आहे आणि १५० न्यूटन-मीटरला घसरतं. उजवं खडकावर आहे आणि १५०० पर्यंत पकड धरू शकतं. साध्या डिफरन्शियलमध्ये उजव्यालाही १५०च मिळतात. एकूण ३००. चिखलातलं चाक भिरभिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडले, तर एकूण १६५० वापरता येतात. लॉकरचं सगळं आकर्षण या फरकात आहे, आणि धोकाही. तो पुढे येईलच.

२. आवाज ऐकून काय कळतं?

डिफरन्शियल उघडण्याआधी तोच दोषी आहे का, याची खात्री करावी. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर फरक पडला, तर आधी टायरकडे बघायचं. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवी झुलवली की कमी-जास्त होणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा असतो. गिअर टाकताना येणारा ‘ठक्’ पुष्कळदा प्रोपेलर शाफ्टच्या झिजलेल्या क्रॉसचा असतो आणि तो बदलणं त्या मानाने किरकोळ काम आहे.

हे सगळं बाद झालं की डिफरन्शियलची पाळी. ॲक्सिलरेटर दाबताना बारीक शिट्टीसारखा आवाज आणि सोडल्यावर शांतता, तर क्राऊन-पिनियनच्या दात्यांची पुढची बाजू झिजलेली असण्याची शक्यता जास्त. ॲक्सिलरेटर सोडल्यावरच आवाज येत असेल, तर दात्यांची दुसरी बाजू किंवा पिनियनचं ढिलं बेअरिंग. दोन्ही वेळा सारखी घरघर असेल, तर संशय बेअरिंगवर. वळतानाच कटकट होत असेल, तर स्पायडर गिअर.

पिनियनचा आवाज बारीक आणि पिंजऱ्याच्या बेअरिंगचा जाड का असतो, हे हिशेबाने कळतं. २३५/७० आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. ताशी ६० किलोमीटरला असं चाक मिनिटाला साधारण ४३० वेळा फिरतं. रेशो ३.७३ असेल तर पिनियन त्याच वेळी १६०० फेऱ्या मारत असतं. सरावलेला कान हा फरक ओळखतो.

खरी साक्ष मात्र तेल देतं. तळाच्या ड्रेन प्लगला बहुतेक वेळा चुंबक असतो. त्यावर काळसर मऊ लगदा दिसला तर ती नेहमीची झीज. नखाला टोचतील असे चकचकीत कपचे किंवा सुईसारखे तुकडे दिसले, तर कुठला तरी दाता वा बेअरिंग तुटतंय. तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी गेलंय.

३. बिघाडाचं मूळ कुठे?

क्राऊन आणि पिनियनचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घासतही जातात. पिनियन क्राऊनच्या मध्यापेक्षा खाली बसवलं की प्रोपेलर शाफ्ट खाली येतो आणि दात्यांची गाठ जास्त लांबीवर पडते. या रचनेला हायपॉइड म्हणतात आणि पॅकार्ड कंपनीने ती १९२०च्या दशकात मोटारीत आणली. फायद्याच्या बदल्यात घर्षण वाढलं. म्हणून इथे इंजिन ऑइल चालत नाही. प्रचंड दाबाखाली धातूवर थर धरणारं, गंधक-फॉस्फरसयुक्त जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. त्याचा उग्र वास तिथूनच येतो.

आपल्याकडच्या गाड्यांचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. घाटातून उतरून आलेल्या गाडीच्या डिफरन्शियलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तापलेलं असतं. ते थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून किंवा ब्रीदरच्या, म्हणजे हवा ये-जा करायच्या नळीच्या, तोंडातून पाणी आत खेचते. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणारी, चार-पाच ओढे ओलांडणारी आणि वर्षानुवर्षं तेच तेल असलेली गाडी आतून गंजत जाते. बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात, बेअरिंग ढिलं झालं की पिनियन जागा सोडतं, आणि मग दाते जातात.

अशा गाडीत ताकद कमी पडलेली नाही. तिला नवीन बेअरिंग, सील, तेल आणि ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत वर नेणं, एवढंच पुरतं. दाते खराब झाले असतील तर त्याच रेशोची क्राऊन-पिनियन जोडी. उलट तेल स्वच्छ आहे, बेअरिंग ठीक आहेत आणि तरीही स्पायडरचा दाता तुटलाय किंवा शाफ्ट पिळवटलाय, तर गाडीकडून झेपेल त्यापेक्षा जास्त काम घेतलं गेलंय. अपग्रेडचा विचार इथे सुरू होतो.

४. लॉकर म्हणजे नक्की कोणता?

बाजारात ‘लॉकर’ या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, लिमिटेड स्लिप. आतल्या क्लच प्लेट किंवा गिअर घसरणाऱ्या चाकाला थोडं अडवतात. रस्त्यावर सुखद, पण चाक हवेत लटकलं की फारसा उपयोग नाही. क्लच प्लेट झिजतात आणि तेलात खास मिश्रण लागतं.

दुसरी, आपोआप लागणारा लॉकर. महिंद्रा थार सीआरडीईमध्ये २०१५ पासून मागच्या ॲक्सलला ईटन कंपनीचा असा यांत्रिक लॉकर आला. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि लॉक लागतो. सुमारे ३० किलोमीटरच्या वर तो लागत नाही, म्हणजे हमरस्त्यावर धोका नाही. जुनी थार घेणाऱ्याच्या हे लक्षात हवं, कारण गाडी २०१५ नंतरची सीआरडीई असेल तर लॉकर आधीच असायला हवा. आधीच्या मालकाने तो काढून साधा डिफरन्शियल बसवला नाही ना, हे उघडल्यावर पाहून घ्यावं.

तिसरी, हवा तेव्हा लावायचा लॉकर. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरख्यात पुढे-मागे दोन्हीकडे असे लॉक कंपनीकडूनच येतात. ऑस्ट्रेलियाची एआरबी कंपनी १९८०च्या दशकापासून विकत असलेला एअर लॉकर दाबलेल्या हवेने लागतो. त्याला कॉम्प्रेसर, नळी आणि बटण लागतं. बंद असताना तो साध्या डिफरन्शियलसारखा वागतो. काम सर्वांत चोख, खर्च सर्वांत जास्त.

चौथी गोष्ट लॉकरच नव्हे. मारुती जिम्नीसारख्या नव्या गाड्यांत संगणक घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो, आणि त्यामुळे दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. जुन्या जिप्सीत ही सोय मागाहून बसवता येण्यासारखी नाही.

५. लॉकर बसवला की कोण मोडतं?

सीआरडीई थारच्या इंजिनाचा पीळ २४७ न्यूटन-मीटर. समजा पहिला गिअर ४ पट, लो रेंज २.५ पट आणि डिफरन्शियल ३.७३ पट जोर वाढवतो. २४७ गुणिले ४ म्हणजे ९८८, गुणिले २.५ म्हणजे २४७०, गुणिले ३.७३ म्हणजे सुमारे ९२००. पुढच्या ॲक्सलचा वाटा आणि घर्षणातला तोटा तूर्त बाजूला ठेवू. साध्या डिफरन्शियलमध्ये हा पीळ निम्मा-निम्मा वाटला जातो, एका शाफ्टला जास्तीत जास्त ४६००. लॉक लावलेला असताना एक चाक हवेत आणि दुसरं दगडात अडकलेलं असेल, तर सगळे ९२०० एकाच शाफ्टवर येतात. साध्या डिफरन्शियलचं घसरणारं चाक म्हणजे नकळत मिळालेलं संरक्षणच असतं. लॉकर ते काढून घेतो.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. १९९७ ते २००६ या काळात विकल्या गेलेल्या जीप रँग्लर टीजेच्या अनेक गाड्यांत मागे डाना ३५ हा ॲक्सल असे. क्राऊन साडेसात इंचांचा, शाफ्टला २७ खाचा. रोजच्या वापराला आणि मूळ टायरला तो पुरेसा होता. हौशी मंडळींनी त्यावर ३३ इंची टायर आणि लॉकर चढवले आणि शाफ्ट मोडू लागले. या ॲक्सलचा शाफ्ट आतल्या टोकाला एका क्लिपवर अडकवलेला असतो. तो मधेच मोडला तर चाकच बाहेर सरकू शकतं.

तिथल्या लोकांपुढे मग तीन रस्ते उरले. टायर मूळ मापाचे ठेवून डाना ३५ नीट दुरुस्त करायचा. किंवा त्यातच लॉकरसोबत ३० खाचांचे जाड शाफ्ट बसवायचे. किंवा भंगारातल्या फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची क्राऊन आणि ३१ खाचांचे शाफ्ट असलेला अख्खा ॲक्सल कापून-जोडून बसवायचा. अनेकांना तिसरा पर्याय पटला, कारण लॉकर, शाफ्ट आणि मजुरी यांची बेरीज केल्यावर मूळ दुबळ्या हाउसिंगमध्ये एवढा पैसा घालणं त्यांना परवडेना. खुद्द जीपने २००३ मध्ये रुबिकॉन आणली, तेव्हा पुढे-मागे जास्त मजबूत डाना ४४ ॲक्सल दिले आणि मगच दोन्हीकडे लॉकर बसवले. आधी शाफ्ट, नंतर लॉकर, हा क्रम महत्त्वाचा.

शाफ्टची जाडी थोडी वाढली तरी फरक मोठा पडतो, कारण पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास १० टक्के जास्त असेल, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे ताकद १.३३ पट. लॉकर मागवताना शाफ्टच्या खाचा मोजूनच मागवावा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत त्या वेगळ्या असू शकतात.

६. मोठे टायर आणि रेशोचा हिशेब

२९ इंची टायरच्या जागी ३१ इंची आले, की ३१ भागिले २९, म्हणजे गाडी जणू ७ टक्के उंच गिअरमध्ये चालू लागते. चढावर दम कमी पडतो, क्लच जास्त घासतो, स्पीडोमीटर खरा वेग कमी दाखवतो. हे भरून काढायला ३.७३ ऐवजी ४.१ रेशो, म्हणजे ४१ आणि १० दात्यांची जोडी घालता येते. त्याने साधारण १० टक्के जोर परत मिळतो.

पण फोर-बाय-फोरमध्ये एक अट आहे, आणि खर्चाचा सगळा अंदाज तिथेच चुकतो. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो सारखाच हवा. मागे ४.१ आणि पुढे ३.७३ ठेवून फोर-व्हील लावलं, तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतील आणि दोघांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस तुटू शकते. त्यामुळे बिघाड मागच्या एकाच डिफरन्शियलमध्ये असला, तरी रेशो बदलायचा म्हणजे दोन जोड्या आणि दोनदा मजुरी. ७ टक्क्यांच्या फरकासाठी बहुतेकांना हे परवडत नाही.

गाडीत सध्या कोणता रेशो आहे, हे घरीही मोजता येतं. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि गाडीखाली भक्कम स्टँड द्या. साध्या डिफरन्शियलमध्ये ते चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवलं, की क्राऊनची एक फेरी होते, कारण दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं. तेवढ्यात खडूची खूण केलेला प्रोपेलर शाफ्ट पावणेचारला किंचित कमी फिरला, तर रेशो ३.७३. चार फेऱ्या होऊन थोडा पुढे गेला, तर ४.१. जुन्या गाडीत कुणी एकाच ॲक्सलची जोडी बदलून ठेवली असेल, तर तेही पुढच्या ॲक्सलचं मोजमाप घेतल्यावर उघडं पडतं.

७. कारागीर आणि कायदा

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचं पिनियन कधीही चालत नाही. नवीन जोडी बसवताना पातळ शिम घालून पिनियनची खोली ठरवावी लागते, बेअरिंगचा ताण मोजावा लागतो आणि दात्यांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये आणावी लागते. शेवटी दात्यांना रंग लावून फिरवतात. रंगाचा ठसा दात्याच्या मध्यावर उमटला पाहिजे. डायल गेज आणि रंगाची पेस्ट हाताशी नसलेल्या गॅरेजकडे हे काम देऊ नये. ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणाऱ्याकडून आलेली गाडी काही दिवसांत पुन्हा तोच आवाज करू लागते. काम झाल्यावर पहिले सातआठशे किलोमीटर जड ओझं ओढू नये आणि मग तेल बदलावं.

कायद्याकडेही लक्ष हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. हाउसिंगच्या आतल्या क्राऊन-पिनियनची नोंद आरसीवर नसते. पण दुसऱ्या गाडीचा अख्खा ॲक्सल बसवणं, चाकं अंगाबाहेर काढणं, गाडी उंच करणं यांत आरटीओ आणि विमा कंपनी दोघांचा संबंध येतो. अमेरिकेत रुळलेला एक्सप्लोररच्या ॲक्सलचा मार्ग म्हणूनच इथे जसाच्या तसा उचलता येत नाही.

८. तीन गाड्या, तीन निर्णय

पहिली गाडी २०१३ची थार. मालक पुण्यात नोकरी करतो, पावसाळ्यात तीन-चारदा ताम्हिणी-वेल्ह्याकडे जातो. तेल दुधाळ, बेअरिंग खरखरीत, दाते मात्र शाबूत. इथे बेअरिंग, सील, नवीन तेल आणि ब्रीदरची उंच नळी. लॉकर नको. उरलेल्या पैशात चांगले टायर आले, तर चिखलात फरक त्यानेच जास्त पडेल.

दुसरी १.३ लिटरची जिप्सी. मालक नियमित ऑफ-रोड स्पर्धांत उतरतो. मागचे स्पायडर तुटलेत, बाकी सगळं स्वच्छ. या इंजिनाचा पीळ सुमारे १०३ न्यूटन-मीटर, म्हणजे सीआरडीई थारच्या निम्म्याहून कमी. टायर मूळ मापाच्या जवळ ठेवले तर शाफ्ट लॉकरचा भार सोसण्याची शक्यता बरी आहे. स्पायडर तसेही बदलायचेच आहेत, त्यामुळे मजुरी दुप्पट होत नाही. लॉकरवर केलेला खर्च इथे सत्कारणी लागेल. रेशोला हात लावायचा नाही.

तिसरी गाडी अजून घेतलेली नाही. विकणारा म्हणतो, ‘‘थोडा आवाज आहे, सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो.’’ टायर ३३ इंची, लॉकर बसवलेला, शाफ्ट मूळचेच. टोकन देण्याआधी त्याच्या परवानगीने दोन्ही ड्रेन प्लग उघडून चुंबक पाहावा आणि दोन्ही ॲक्सलचा रेशो मोजावा. मागच्या चुंबकावर कपचे निघाले, तर किमतीतून एक डिफरन्शियल वजा करून भागणार नाही. क्राऊन-पिनियन, दोन शाफ्ट आणि मजुरी, एवढं सगळं वजा करून भाव सांगावा. विकणाऱ्याला तो मान्य नसेल, तर दुसरी गाडी बघावी.